न वापरलेले पाय

अक-ताश, २० जानेवारी २००४

कानिशाय,

मी जिवंत आहे. मेंढ्या एकोणीस, त्याही जिवंत आहेत. घोडी गाभण आहे. सात वर्षांनी तुझं पत्र आलं, म्हणून आधी एवढी खबर देऊन टाकते. कुणाची चौकशी करायची राहिली म्हणून तुझ्या जिवाला नंतर लागायला नको.

अक्षर तुझ्या बहिणीचं, बोलणं माझं. मला अक्षरं शिकवायला एक बाई आली होती, मी नवी नवरी असताना. तिला मी ताक पाजलं आणि परत पाठवली. त्या दिवशी कोकरं फार होती. तेव्हापासून जगाशी बोलायचं तर मला दुसऱ्याचा हात लागतो. बुरुल चौतीस वर्षांची झाली, तरी लिहिताना जीभ बाहेर काढते. (“हे नाही लिहिणार मी, अपा.” आजीनं लिही म्हटलं तर लिहायचं.)

तुझं पत्र तिनं मला तीनदा वाचून दाखवलं. टाचेवरची शीर तुटली, शिवली, पण पळणं संपलं. ज्या वाळूच्या देशाचा झेंडा छातीवर लावून तू पळत होतीस, त्यांनी गळ्यात हार घातला, हात हलवले, आणि दुसरी पोरगी आणली. बरं झालं. इकडे म्हातारी घोडी झाली की आम्ही हारही घालत नाही, मोठं पातेलं चढवतो.

आता तू दोन गोष्टी विचारतेस. घरी येऊ का? आणि बुरुलच्या मेरिमचा दोरा मी कापू का?

मेरिम अजून भिंत धरून उभी राहते. वसंतात चालेल. मग तिच्या घोट्यांना काळ्यापांढऱ्या लोकरीचा पीळ बांधू, गावातली पोरं लांबून पळत येतील, जे पहिलं येईल ते सुरी घेईल आणि दोरा कापेल. कापणाऱ्याची चाल त्या पोरीच्या पायांत उतरेल. तुझा दोरा कुणी कापला होता ते सांगायला नको. चार वर्षांची होती बुरुल. सहा-सहा वर्षांच्या टोणग्यांना मागं टाकून आली, आणि सुरी अशी ओढली की तुझ्या घोट्यावर ओरखडा उठला. तीच का गं टाच तुटली? का दुसरी? विचारून ठेवते आपलं.

बुरुलचं म्हणणं, तूच काप. ती म्हणते, “माझी पोर या दरीतून बाहेर पडली पाहिजे, अपा. मावशीचे पाय मिळू देत तिला.” तिचा नवरा रशियात मजुरीला गेला तो तिकडंच दुसऱ्या चुलीवर जेवायला बसला, हे तुला ठाऊक असेलच. पोर झाली ती चार गर्भ गळून गेल्यावर. तेव्हा दोऱ्याचं तिला फार आहे.

सात वर्षांपूर्वीचं तू लिहिलं नाहीस, म्हणून मीच काढते. तुम्ही चौघींनी ती काठी एकमेकींच्या हातात देत देत रुपेरी पदक आणलं, तुझ्यासाठी मेंढा कापला, सगळं गाव जेवायला बसलं. आणि मी म्हटलं, “घोडी घरी ठेवली, शिंगरू पाठवलं, तरी रुपेरी आलं.” लोक हसले. लोक हसतात, त्यासाठीच म्हातारी ठेवलेली असते. वर तुला मेंढ्याचा कान दिला, पोरासोरांना देतात तसा. दुसऱ्या दिवशी सकाळी तू पहिल्या बसनं गेलीस, आणि त्या वर्षी झेंडाच बदललास. मागं राहिलेल्या तिघींना म्हणे चौथी मिळालीच नाही. एका कानापायी एवढं!

ती काठीची शर्यत मी टीव्हीवर पाहिली होती. तू वळणावर उभी, तोंड पुढे, हात मागे. मागं वळून बघायचं नाही, आणि कुणीतरी हातात आणून देईलच असा भरवसा ठेवायचा. मी टपालवाल्या झेइनेपला म्हटलं, “हे काही ती माझ्याकडून शिकलेली नाही.”

ये. बर्फ उतरलं की ये. तुझी गादी उन्हात घालते. म्हणजे बुरुल घालते. मी उंबऱ्यापर्यंतसुद्धा तिच्या पाठीवर बसून जाते आता. माझेही पाय संपले. दोघी मिळून बसू.

तुझी अपा


अक-ताश, २७ फेब्रुवारी

कानिशाय,

तुझं दुसरं पत्र पोचलं. दहा मेला येतेस हे कळलं. मेरिम परवा तीन पावलं चालली आणि चुलीपाशी बसून स्वतःलाच टाळ्या वाजवल्या. कुणावर गेली आहे कोण जाणे.

तू इतकं लांबलचक का लिहिलंस? बुरुलचा घसा सुकला. आणि ते मधलं पान कशाला? तू लिहितेस, पळायला उभी राहिले की दरवेळी तो एकच दिवस आठवायचा. क्रीडाशाळेचा मास्तर घड्याळ घेऊन आला होता, एका घरातून एकच पोर नेईन म्हणाला होता. “लोकरीच्या कोठारासमोर आम्ही दोघी बहिणी पळालो, मी दहा वर्षांची, थोरली एजे, म्हणजे बुरुल, तेरा वर्षांची, आणि मी जिंकले.” तू लिहितेस, “अपा, तू तेव्हा माझ्या पाठीवर थाप मारलीस. आयुष्यात एकदाच. त्या थापेवर मी वीस वर्षं पळाले. आई-बाप नव्हते, पण कुणीतरी मला निवडलं होतं.”

इथवर ठीक होतं. पुढं तू लिहितेस, “एक गोष्ट मला कधी कळली नाही. आदल्या दिवशी आपली घोडी हरवली म्हणून एजे वरच्या कुरणात शोधायला गेली आणि पहाटे ओल्या पायांनी परत आली. पण मी तर संध्याकाळी घोडीला भाकरी भरवली होती, झेइनेपच्या गोठ्यात. एजेला कुणी सांगितलं नाही का?”

बुरुल वाचता वाचता थांबली. मी म्हटलं, “वाच की.” तिनं पुढं वाचलं.

तर ऐक. दहा वर्षांच्या पोरीला घोडी घोडीतला फरक काय कळणार? ती झेइनेपची तपकिरी होती. आपली करडी खरंच हरवली होती, दोन दिवसांनी नदीपलीकडं सापडली. तू वेंधळी होतीस, एडक्याला घाबरायचीस, सगळी जनावरं तुला एकसारखीच दिसायची. पुन्हा असलं काही आठवू नकोस. टाच शिवली आहे तर टाचेकडं बघ.

बुरुलनं हे सगळं लिहिलं आहे.

अपा


१ मार्च

कानिशाय,

वरचं पत्र अजून गेलं नाही. घाटात हिमकडा कोसळला, रस्ता बंद आहे. म्हणून त्याच कागदांना हा कागद जोडते.

वर लिहिलं ते खोटं आहे.

काल बुरुल झेइनेपकडं पीठ मागायला गेली. आपल्याकडं पिठाचं अर्धं पोतं आहे. झेइनेपच्या पोटात काही राहत नाही, टपाल सोडून. बुरुलनं विचारलं, “काकू, ज्या वर्षी कानिशाय गेली, तेव्हा आमची करडी तुमच्या गोठ्यात होती का?” झेइनेप म्हणाली, “होती की. अपानं स्वतः आणून बांधली. एक रात्र राहू दे म्हणाली, गवत पण बरोबर आणलं होतं. का गं?”

बुरुल पीठ घेऊन परत आली. चहा केला. मला दिला. पिठाचे बोरसोक तळले. मेरिमचे पाय चोळले. मला विचारलं काहीच नाही. चौतीस वर्षांत ही पोरगी माझ्यावर ओरडलेली नाही, पण काल पहिल्यांदा मला वाटलं, ओरडली तर बरं.

आज सकाळी तिनं कागद घेतला, पेन घेतलं, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, “सांगा, अपा. लिहिते.”

मला “सांगा” म्हणाली. मला, घरात.

तर सांगते.

मास्तर येणार हे मला आठवडाभर आधी कळलं होतं. तुमचा बाप, तुमची आई, दोघं एकाच ट्रकमध्ये नदीत गेली, आणि माझ्या नावावर सामुदायिक शेतीच्या तीनशे मेंढ्या राहिल्या. आणि दोन पोरी. बुरुल तेरा वर्षांची, पण अडलेलं कोकरू आतून वळवून काढायची. वादळात कळप एकटीनं खाली आणायची. तू काय करायचीस? तू कोकरांची नावं ठेवायचीस, आणि खायची वेळ आली की रडायचीस.

मला ठाऊक होतं कोण जिंकणार. सगळ्या गावाला ठाऊक होतं. बुरुल पळायची तेव्हा कुत्री भुंकायची थांबायची. मास्तर तिलाच नेणार. मग मी कुणाच्या हातानं जगणार?

दुपारी घोडी झेइनेपकडं बांधली. घरी आले, म्हटलं, “बुरुल, घोडी हरवली. वरच्या कुरणात गेली असेल. शोधून आण. भाकरी घे बरोबर.” ती लगेच निघाली. रबरी बूट होते पायात, तेही तुझे, घाईत तुझेच चढवले, दोन मापं लहान. रात्रभर तिनं वरच्या तिन्ही खोऱ्यांत हाका मारल्या. पहाटे आली तेव्हा अंगठ्यांची नखं काळीनिळी होती. म्हणाली, “अपा, नाही सापडली. मला मार.” मी म्हटलं, “जाऊ दे. चहा पी. मास्तर आला आहे, पळून घे तेवढं.”

आणि ती पळाली. छातीभरानं हरली.

तेव्हा तुझ्या पाठीवर थाप मारली ती मीच. तू लिहितेस, कुणीतरी मला निवडलं. बाई, निवडलं मी तिला. तू उरलीस म्हणून गेलीस. जी नसली तरी चालेल ती दिली, जी नसली तर चालणार नाही ती ठेवून घेतली. जेवणाच्या दिवशी सगळ्यांसमोर मी म्हटलं, घोडी घरी ठेवली, शिंगरू पाठवलं. चेष्टा म्हणून हसलात सगळे. म्हातारीनं खरं सांगावं तर लोक बोरसोक पुढं सरकवतात.

तुझी पदकं खोटी म्हणत नाही मी. शिंगरू चांगलं पळालं. पण आज जे दोन पाय माझ्यासमोर मांडी घालून बसले आहेत, ते पळाले असते तर काय झालं असतं, ते मला ठाऊक नाही, तुला ठाऊक नाही, आणि त्यांनाही नाही.

घरी येऊ का विचारतेस. यायचं तर ये. फक्त, इथं कुणी तुला निवडलं होतं असं समजून येऊ नकोस. असं समजून येणार असशील तर येऊच नकोस.

पेन एकदाही अडलं नाही. मी म्हटलं, “बुरुल, लिहिलंस का?”

“लिहिलं.”

“वाचून दाखव.”

वाचून दाखवलं. शब्दन् शब्द बरोबर. आवाज असा, की दुकानातून काय काय आणायचं ते वाचते आहे.

मग एकच विचारलं तिनं. “छातीभरानं?”

“हो.”

“रात्रभर डोंगर हिंडून. लहान बुटांत.”

“हो.”

“आणि फक्त छातीभरानं हरले?”

आणि हसली. कानिशाय, मी लांडग्यांचं ऐकलं आहे, हिमकड्याचं ऐकलं आहे. हे हसणं मी ऐकलं नसतं तर बरं होतं. हे पण लिही म्हटलं. लिहिलं तिनं.

पस्तावा झाला का, असं तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं: हिवाळ्यात झाला. उन्हाळ्यात दूध काढायला माणसं कमी असतात, तेव्हा नाही.

अपा


१६ मे

कानिशाय,

अक्षर वेगळं दिसेल. झेइनेप लिहिते आहे. हिचं अक्षर टपालाच्या शिक्क्यासारखं आहे, अर्धं उमटतं, अर्धं नाही, असं लोक म्हणतात. (“अपा, मी लिहू का जाऊ?” लिही, लिही. चहा आहे अजून.)

तू आली नाहीस. म्हणजे मार्चमधलं पत्र पोचलं. एप्रिलच्या शेवटी तुझं पत्र आलं, पण वर नाव बुरुलचं. मी म्हटलं, “वाच.” ती खिडकीपाशी उभी राहिली आणि तिनं ते मनात वाचलं. या घरात पहिल्यांदाच कुणीतरी पत्र मनात वाचलं. मी तिचे डोळे बघत होते, डावीकडून उजवीकडं, पुन्हा डावीकडून. चांगली चार पानं होती. मग घडी घालून कपड्यांत आत ठेवून दिलं. विचारलं, “काय म्हणते?” म्हणाली, “बरी आहे.” चार पानं बरी आहे!

दहा मेला दोरा कापायचा तो कापला. मला वाटलं, बुरुल पाठीवर घेऊन बाहेर अंगणात बसवेल. तिनं माझ्या पाठीशी उशी ठेवली, पांघरूण घातलं, आणि दार लोटून घेतलं. मी आतच. बाहेर बायकांची बडबड, पोरांचा गोंधळ, मेरिमचं किंचाळणं. मग झेइनेप ओरडली, “पळा!”

मी आयुष्यभर खुरांचे आवाज ऐकत आले. डोळे मिटून सांगते, कुठलं जनावर पुढं आहे. पोरांचे पाय पुष्कळ होते, गारा पडल्यासारखे. आणि त्यांत एक जोडी वेगळी. अनवाणी. जड, पण जमिनीला नुसती शिवून जाणारी. सगळ्यात मागून निघाली, बाजूनं आली, आणि भिंतीपाशी पोचेस्तोवर बाकीचे आवाज मागं पडले. मागं म्हणजे किती? छातीभर नाही. अंगणभर.

मग कुणीतरी म्हणालं, “अगं, आईनंच कापायचा का कधी? पोरांची शर्यत ही!”

बुरुल धापा टाकत नव्हती. म्हणाली, “मग कुणाचे पाय देऊ तिला? माझे आहेत. न वापरलेले. कोरे.”

कुणी हसलं नाही. मी आत होते ना, नाहीतर काहीतरी बोलून हसवलं असतं.

सुरी चालल्याचा आवाज आला नाही. लोकर आवाज करत नाही. थोड्या वेळानं ती आत आली, कापलेला दोरा माझ्या मांडीवर ठेवला आणि मेंढीचं दूध काढायला गेली.

त्यानंतर पाच दिवस ती नेहमीसारखी. चूल, दूध, लोकर, मेरिम. घोडी व्यायली, करडंच शिंगरू झालं. मला वाटलं, झालं, निवळलं. म्हातारपणी माणूस मूर्ख होतो, पण इतका?

काल दुपारी मेरिमला पाठीला बांधून ती माझ्यासमोर उभी राहिली. अंगावर चांगला कोट होता, जो लग्नांना घालते. पायात नवे बूट. तिच्याच मापाचे. म्हणाली,

“अपा, घोडी हरवली. वरच्या कुरणात गेली असेल. शोधून आणते.”

बस वरच्या कुरणाला जात नाही. बस शहराला जाते, आणि शहरातून विमान तुझ्याकडं. मला ठाऊक होतं. तिला ठाऊक होतं मला ठाऊक आहे. इतक्या वर्षांत आम्ही दोघी एवढं सरळ कधी बोललो नव्हतो.

मी म्हटलं, “भाकरी घे बरोबर.”

“घेतली,” म्हणाली.

दारात थांबली. मला वाटलं, वळेल. पण तुम्हा काठीवाल्यांचं ते, वळून बघायचं नाही. उंबऱ्यापासून फाटकापर्यंत तिचं चालणं ऐकू आलं. फाटकापासून पुढं पळणं. बस सुटायला अजून बराच वेळ होता गं. उगाचच पळाली.

आता मेंढ्या झेइनेप बघते. मलाही झेइनेपच बघते, मेंढ्यांच्या नंतर. तिला घरी जायची घाई असते, कारण तिच्या गोठ्यात एक करडी घोडी बांधली आहे, शिंगरासकट. काल सकाळीच बुरुलनं स्वतः नेऊन बांधली. गवत पण बरोबर दिलं. वारा इकडचा असला की शिंगराचं खिंकाळणं मला गादीवर पडल्या पडल्या ऐकू येतं.

तुझी गादी अजून उन्हात घातलेली आहे. आत घ्यायला कुणी नाही. घरी येऊ नकोस, असं मी म्हटलं होतं का? झेइनेप म्हणते, तिला नाही आठवत. ते तिनं लिहिलं नव्हतं.

बुरुल पोचली की विचार तिला, घोडी सापडली का. नाही सापडली म्हणाली, तर म्हणावं, जाऊ दे. चहा पी म्हणावं. मी मारणार नाही.

अपा